रायन ब्रॉनचा नमुना आणि बेसबॉलचे कडक झालेले नियम

१ ऑक्टोबर २०११, शनिवार. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या मिलर पार्कवर तिथल्या ब्रुअर्स या बेसबॉल संघाने अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सविरुद्धचा बाद फेरीतला पहिला सामना ४-१ असा जिंकला. सामना संपल्यावर ब्रुअर्सच्या तीन खेळाडूंना उत्तेजक चाचणीसाठी लघवीचा नमुना द्यायचा होता. त्यांतला एक रायन ब्रॉन. त्या हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी .३३२ होती, ३३ होम रन आणि ३३ ‘स्टील’ (चोरून पुढचा बेस गाठणं) त्याच्या नावावर होते. पुढच्याच महिन्यात तो नॅशनल लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल मेजर लीग बेसबॉलच्या दोन विभागांपैकी एकाचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला.

नमुना देण्याची रीत ठरलेली असते. नमुने घेणाऱ्या माणसाच्या देखत खेळाडू नमुना देतो. तो दोन बाटल्यांत विभागला जातो, बाटल्या बंद होतात, खोक्यावर सील लागतं आणि सगळं नीट झाल्याची खात्री करून खेळाडू फॉर्मवर सही करतो. बाटलीवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. प्रयोगशाळेला माणूस कळतच नाही. ब्रॉननेही सही केली. तोवर संध्याकाळचे पाच वाजत आले होते.

त्यानंतर नमुने घेणाऱ्याने तिन्ही खेळाडूंचे नमुने आपल्या घरी नेले. शनिवारी संध्याकाळी दिले तरी फेडेक्सकडून ते सोमवारपर्यंत हलणार नाहीत, कुरिअरच्या टेबलावर पडून राहण्यापेक्षा आपल्या ताब्यात राहिलेले बरे, असा त्याचा हिशेब होता. घराच्या तळघरात, थंड जागी, एका प्लास्टिकच्या डब्यात ते राहिले. सोमवारी दुपारी दीडच्या सुमारास त्याने ते फेडेक्सच्या हवाली केले आणि तिथून ते कॅनडातल्या माँट्रियलच्या प्रयोगशाळेत पोहोचले. तिथे उघडण्यापूर्वी सगळी सीलं शाबूत होती. मधे साधारण ४४ तास गेले होते.

बेसबॉलच्या उत्तेजकविरोधी नियमांबद्दल बोलताना लोक बहुधा बंदीच्या आकड्यांवर बोलतात: पन्नास सामने, ऐंशी सामने, आजीवन. मला या प्रकरणातून वेगळंच दिसतं. बंदीचा आकडा वाढवणं हे सगळ्यात सोपं काम होतं. नियमाला धार आली ती नमुना कधी पाठवायचा, कशाला पुरावा म्हणायचं, शिक्षा भोगलेल्याने परत कधी खेळायचं, अशा कोणाच्या फारशा लक्षात न राहणाऱ्या कलमांमुळे. आणि ती कलमं बदलली, कारण मैदानावरच्या खेळाडूंनाच ती बदलायला हवी होती.

अहवाल काय म्हणत होता

माणसाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन आणि त्याचं जुळं भावंड असलेलं एपिटेस्टोस्टेरॉन ही दोन्ही असतात. बहुतेकांमध्ये त्यांचं प्रमाण १:१ च्या आसपास असतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पहिलं वाढतं, दुसरं वाढत नाही, म्हणून गुणोत्तर बिघडतं. नियमात ४:१ ही मर्यादा होती. बातम्यांनुसार ब्रॉनच्या नमुन्यात ते २०:१ च्या वर होतं, आणि त्यातलं टेस्टोस्टेरॉन कृत्रिम असल्याचंही दुसऱ्या चाचणीत दिसलं होतं.

दुसरी चाचणी कार्बनची. पुढच्या नियमांत ती महत्त्वाची ठरली म्हणून इथे थोडक्यात सांगतो. औषध म्हणून मिळणारं टेस्टोस्टेरॉन सहसा सोयाबीनसारख्या वनस्पतींतल्या द्रव्यांपासून तयार करतात. त्यातल्या जड कार्बनचं, म्हणजे कार्बन-१३ चं प्रमाण माणसाच्या शरीराने स्वतः बनवलेल्या टेस्टोस्टेरॉनपेक्षा किंचित कमी असतं. मोजमाप पुरेसं बारीक असेल तर रेणू शरीरात घडला की कारखान्यात, हे सांगता येतं. गुणोत्तरावरून फक्त संशय घेता येतो. कार्बनवरून उगम कळतो. पण ही चाचणी महाग आणि वेळखाऊ असल्याने तेव्हा सरसकट होत नव्हती.

नियमाप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला ५० सामन्यांची बंदी होती. अपील सुरू असेपर्यंत सगळं गोपनीय ठेवायचं होतं. ते राहिलं नाही. डिसेंबर २०११ मध्ये ईएसपीएनने बातमी फोडली आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचं नाव जगजाहीर झालं.

हा नियम नक्की कोणाचा

पुढचं सगळं समजायला एक गोष्ट माहीत असावी लागते. ऑलिंपिकमधल्या खेळांना जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची संहिता लागू असते. मेजर लीग बेसबॉलने त्या संहितेवर सही केलेली नाही. तिथला उत्तेजकविरोधी नियम हा क्लबमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार आहे. त्यातलं अक्षरही एका बाजूला परस्पर बदलता येत नाही.

१९९१ मध्ये कमिशनर फे व्हिन्सेंट यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड घ्यायला बंदी असल्याचं पत्रक सगळ्या क्लबांना पाठवलं होतं. संघटनेशी करार नव्हता, त्यामुळे चाचणी नव्हती आणि पत्रक कागदावरच राहिलं. १९९४ च्या संपाने वर्ल्ड सिरीजच, म्हणजे हंगामाची अंतिम मालिकाच, रद्द झाली. प्रेक्षक दुरावले. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर (७० होम रन) आणि सॅमी सोसा (६६) यांच्या चढाओढीने ते परत आले, आणि त्या जल्लोषात अडचणीचे प्रश्न विचारायची कोणालाच घाई नव्हती. मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनेडायोन या टेस्टोस्टेरॉनशी नातं असलेल्या द्रव्याची बाटली एका वार्ताहराने पाहिली आणि लिहिली, तेव्हा खेळाडूपेक्षा त्या वार्ताहरावरच जास्त टीका झाली. ते द्रव्य तेव्हा दुकानात उघड मिळत होतं आणि बेसबॉलमध्ये त्यावर बंदी नव्हती.

मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या, खेळाडूंना तेव्हा संघटना नव्हती. म्हणून तिथे कमिशनर बड सेलिग यांनी २००१ मध्येच स्वतःच्या अधिकारात चाचण्या सुरू केल्या. ज्याच्या मागे कोणी उभं नाही त्याची चाचणी आधी होते, हे मला आजही बोचतं.

मेजर लीगमध्ये २००२ च्या करारात एक सावध पाऊल पडलं. २००३ मध्ये निनावी चाचण्या घ्यायच्या, शिक्षा कोणालाच नाही, आणि पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले तरच पुढच्या वर्षापासून सक्तीची चाचणी. १,४३८ चाचण्या झाल्या आणि प्रमाण पाच ते सात टक्क्यांच्या मधे निघालं. पुढे काय झालं ते ब्रॉन प्रकरणाशी थेट जोडलेलं आहे. निनावी राहायचं वचन दिलेल्या त्या निकालांचे कागद नष्ट होण्याआधीच २००४ मध्ये बाल्को या खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या कंपनीच्या तपासात केंद्रीय अधिकाऱ्यांनी जप्त केले. त्यांना हवी होती मोजक्या खेळाडूंची माहिती, हाती लागली १०४ नावं. अपील न्यायालयाने नंतर ती जप्ती बेकायदा ठरवली, पण तोवर अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जसारखी मोठी नावं वर्तमानपत्रांत आली होती. प्रक्रियेच्या एकेका शब्दावर संघटना एवढी अडून का बसते, याचं उत्तर या फसलेल्या वचनात आहे.

बाकीचा प्रवास भराभर झाला. २००४ मध्ये पहिल्या दोषाला फक्त उपचार. २००५ च्या सुरुवातीला दहा दिवस. त्या मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, समितीपुढे आपण स्टेरॉइड घेतलं नसल्याचं बोट रोखून सांगणारा राफाएल पामेरो ऑगस्टमध्ये स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडसाठी दोषी ठरला आणि दहा दिवसांच्या शिक्षेचं हसं झालं. नोव्हेंबर २००५ मध्ये ५० सामने, १०० सामने आणि तिसऱ्या वेळी आजीवन असं सूत्र ठरलं. तरतरी आणणाऱ्या अँफेटामाइनची चाचणीही त्यात आली. लीगने नेमलेल्या जॉर्ज मिचेल यांच्या डिसेंबर २००७ च्या चौकशी अहवालाने जुनी पापं ४०९ पानांत मांडली. २०११ च्या करारात एचजीएच, म्हणजे वाढीच्या संप्रेरकासाठी रक्तचाचणी मान्य झाली.

ब्रॉनने आव्हान दिलं ते या ५०-१००-आजीवन सूत्रातल्या पहिल्या ५० सामन्यांच्या बंदीला.

लवादापुढे

लवाद तिघांचा होता. लीगतर्फे रॉब मॅनफ्रेड, संघटनेतर्फे तिचे प्रमुख मायकल वाइनर, आणि दोघांच्या संमतीने नेमलेले तटस्थ लवाद श्याम दास. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी कुठे मत देणार हे उघडच होतं, म्हणजे निकाल दास यांच्या हातात.

करारात लिहिलं होतं की असाधारण परिस्थिती नसेल तर नमुना घेतला त्याच दिवशी फेडेक्सने प्रयोगशाळेकडे रवाना करावा. नमुना तात्पुरता ठेवायची वेळ आली तर तो थंड आणि सुरक्षित जागी ठेवावा, अशीही तरतूद होती. लीगचा जोर या दुसऱ्या तरतुदीवर होता. सील तुटलं नाही, फॉर्मवर खेळाडूची सही आहे, आणि दोन दिवस तळघरात राहिल्याने लघवीत कृत्रिम टेस्टोस्टेरॉन तयार होत नाही. ब्रॉनच्या वकिलांनी पहिल्या तरतुदीवर बोट ठेवलं. त्या शनिवारी संध्याकाळी मिलवॉकी परिसरात फेडेक्सची कार्यालयं उघडी होती, मग असाधारण परिस्थिती कुठली? ४४ तास नमुना एका खासगी घरात होता, त्या काळाची नोंद लीगकडे नाही.

२३ फेब्रुवारी २०१२ रोजी निकाल लागला. २ विरुद्ध १, बंदी रद्द. मेजर लीगच्या खेळाडूने अपिलात उत्तेजकाची बंदी उलटवल्याचं जाहीरपणे समोर आलेलं हे पहिलंच प्रकरण. लीगने जाहीर निवेदन काढून आपल्याच यंत्रणेच्या निकालाबद्दल तीव्र असहमती नोंदवली आणि मे महिन्यात दास यांना पदावरून दूर केलं. करारानुसार दोन्ही पक्षांना तो अधिकार होता. १९९९ पासून ते बेसबॉलचे लवाद होते.

दास चुकले, असं तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं आणि ब्रॉनने पुढे दिलेल्या कबुलीनंतर तर ते अधिक ठामपणे म्हटलं. मला ते पटत नाही. जिथे खेळाडूच्या हेतूला किंमत नसते, ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही, तिथे दुसऱ्या बाजूनेही आपलं अक्षर पाळायला हवं. औषध लघवीत सापडलं की खेळाडू दोषी, हा नियम कठोर आहे आणि तसा असायलाच हवा. म्हणूनच ‘त्याच दिवशी’ म्हणजे त्याच दिवशी. कारखान्यात, कोर्टात, शाळेच्या परीक्षेत आपण हीच अपेक्षा करतो. ब्रॉन खोटं बोलत होता हे खरं, आणि लीगने स्वतःच लिहिलेलं कलम पाळलं नाही हेही खरं.

या सगळ्यात अन्याय झाला तो नमुने घेणाऱ्या माणसावर. निकालाच्या दुसऱ्या दिवशी फिनिक्समधल्या सराव शिबिरात ब्रॉन संघसहकाऱ्यांसमोर उभा राहिला, सत्य आपल्या बाजूला असल्याचं सांगितलं आणि नमुने घेणाऱ्याबद्दल शंका येईल अशा पद्धतीने बोलला. काही दिवसांत त्या माणसाचं नाव सर्वत्र झालं आणि आपण प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणेच वागलो, हे त्याला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. नमुने घरी ठेवायची पद्धत त्या एकट्याची नव्हती. शनिवार-रविवारी हे असंच चाले. दोष त्या पद्धतीचा होता, आणि ती चालू देणाऱ्यांचा.

कलम दुरुस्त झालं

जून २०१२ मध्ये लीग आणि संघटना यांनी करारात बदल केले. नमुना कुरिअरकडे कधी द्यायचा आणि त्याआधी तो कसा ठेवायचा, हे स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं. चाचण्या वाढवल्या. पुढचा खेळाडू याच फटीतून निसटू शकणार नव्हता.

या दुरुस्तीची बातमी कोणाच्या लक्षातही नसेल. तिच्यात आकडा नाही, मोठं नाव नाही. पण मला विचाराल तर ब्रॉनची बंदी टिकली असती आणि हे कलम तसंच राहिलं असतं, तर यंत्रणा आज जास्त कच्ची असती.

त्याच उन्हाळ्यात दुसरं दुखणं वर आलं. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा मेल्की काब्रेरा जुलैच्या ऑल-स्टार सामन्यात सर्वोत्तम ठरला आणि ऑगस्टमध्ये टेस्टोस्टेरॉनसाठी ५० सामने बाहेर गेला. आपण दुकानातून घेतलेल्या मलमात ते असावं असं भासवण्यासाठी त्याच्या बाजूच्या माणसाने चक्क एक खोटी वेबसाइट उभी केल्याचं उघड झालं. आणि हंगाम संपल्यावर टोरंटोने काब्रेराशी दोन वर्षांसाठी १ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. बंदीमुळे बुडालेला पगार यापुढे चिल्लर होता. हे गणित कपडे बदलण्याच्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येकाला येत होतं.

नमुना नाही, कागद आहेत

जानेवारी २०१३ च्या अखेरीस मायामी न्यू टाइम्स या साप्ताहिकाने कोरल गेबल्समधल्या ‘बायोजेनेसिस’ नावाच्या दवाखान्याच्या वह्या छापल्या. अँटनी बॉश नावाचा, वैद्यकीय परवाना नसलेला माणूस तो चालवत होता. वह्यांत हस्ताक्षरात खेळाडूंची नावं, टोपणनावं, मलमं, गोळ्या आणि रकमा होत्या. दवाखान्यातल्या एका माजी सहकाऱ्याने पैशांच्या भांडणातून ते कागद बाहेर काढले होते.

आठवड्याभरात ब्रॉनचं नावही त्या कागदांत असल्याची बातमी आली. त्याचं स्पष्टीकरण असं की अपिलाच्या वेळी टेस्टोस्टेरॉनच्या गुणोत्तराबद्दल माहिती घ्यायला आपल्या वकिलांनी बॉशचा सल्ला घेतला होता, तेवढाच संबंध.

नियमापुढे नवा पेच होता. यातल्या बहुतेक खेळाडूंच्या चाचण्या निर्दोष होत्या. मात्र करारात एक वाट होती: चाचणीत सापडला नाही तरी इतर पुराव्यावरून सेवन किंवा बाळगणं सिद्ध झालं तर कारवाई करता येते, आणि तिथे ५०-१०० चं मोजमाप बांधलेलं नाही. लीगने ही वाट धरली. मार्चमध्ये तिने दवाखान्यावरच फ्लोरिडाच्या न्यायालयात दावा ठोकला, म्हणजे कागद आणि साक्षी मिळवायला दार उघडलं. तपासनिसांनी पैसे मोजून कागद विकत घेतले. जूनमध्ये बॉश लीगला मदत करायला तयार झाला. पोलिसांचं काम एका खेळाच्या कार्यालयाने चेकबुक घेऊन करावं, याने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. जिच्या हातात शिक्षा, तिच्याच हातात तपास, आणि साक्षीदार असा की ज्याला पुढे २०१५ मध्ये टेस्टोस्टेरॉन वाटल्याबद्दल चार वर्षांची कैद झाली. पुरावा भक्कम निघाला, म्हणून त्यावर पुढे फारसं कोणी बोललं नाही.

२२ जुलै २०१३ रोजी ब्रॉनने उरलेल्या हंगामाची, ६५ सामन्यांची विनावेतन बंदी स्वीकारली. अपील केलं नाही. २२ ऑगस्टच्या निवेदनात त्याने मान्य केलं की २०११ च्या हंगामाच्या शेवटी दुखापतीतून सावरताना एक मलम आणि एक चघळायची गोळी आपण वापरली होती. नमुने घेणाऱ्या माणसाची माफीही मागितली. त्या माणसाच्या बदनामीला तोवर दीड वर्ष झालं होतं.

५ ऑगस्टला आणखी १३ जणांवर कारवाई झाली. बारा जणांनी ५० सामने निमूट स्वीकारले. तेरावा अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज, २११ सामने. तो लढला, दास यांच्यानंतर आलेले लवाद फ्रेडरिक होरोविट्झ यांनी जानेवारी २०१४ मध्ये ते १६२ वर आणले, म्हणजे अख्खा एक हंगाम.

खेळाडूच खेळाडूंवर चिडले

२०१३ साली संघटनेचा सूर बदलला. मायकल वाइनर यांना तेव्हा मेंदूचा कर्करोग होता, ते व्हीलचेअरवर होते. ज्याच्याविरुद्ध भरभक्कम पुरावा आहे त्याच्यासाठी आपण लढायला जाणार नाही, त्याने समझोता करावा असं सांगू, असं त्यांनी त्या उन्हाळ्यात स्पष्ट केलं. कामगार संघटनेचा नेता असं बोलतो तेव्हा त्यामागे सभासदांचा रेटा असतो. स्वच्छ खेळणाऱ्याच्या जागेवर, पगारावर, करिअरवर घाला घालणारा आपलाच सहकारी आहे, हे खेळाडूंना उघड दिसू लागलं होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये वाइनर गेले. त्यांच्या जागी टोनी क्लार्क आले, पूर्वीचे पहिल्या बेसवरचे खेळाडू.

डेट्रॉइटच्या जॉनी पेराल्टाने या रागाला निमित्त दिलं. बायोजेनेसिसचे ५० सामने भोगून तो हंगामाच्या शेवटच्या दिवसांत परतला आणि थेट बाद फेरीत उतरला. ऑकलंडविरुद्ध चौथ्या सामन्यात संघ ०-३ असा पिछाडीवर असताना त्याने तीन धावांचा होम रन मारून बरोबरी साधली. डेट्रॉइट तो सामना आणि मालिका जिंकलं. नोव्हेंबरमध्ये सेंट लुइसने त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी ३० लाख डॉलर दिले. अ‍ॅरिझोनाचा पिचर आणि संघटनेतला खेळाडू प्रतिनिधी ब्रॅड झीगलरने फसवणूक फायद्याचीच ठरते असं जाहीरपणे लिहिलं आणि मालकांना त्याबद्दल धारेवर धरलं. बरोबरच होतं त्याचं. पेराल्टाने नियम मोडून तो करार मिळवला नव्हता. त्याची शिक्षा संपली होती. राग होता तो नियमाच्या कमकुवतपणावर आणि चेक लिहिणाऱ्या हातांवर.

२८ मार्च २०१४ रोजी, नव्या हंगामाच्या तोंडावर, दोन्ही पक्षांनी बदल जाहीर केले. पहिल्या गुन्ह्याला ८० सामने, दुसऱ्याला १६२, तिसऱ्याला आजीवन. हे मथळ्यात आलं. पेराल्टाचं उत्तर दुसऱ्या ओळीत होतं: त्या हंगामात उत्तेजकासाठी बंदी झालेला खेळाडू, बंदी संपली तरी, त्या वर्षीच्या बाद फेरीत खेळणार नाही आणि बाद फेरीच्या बक्षिसातला ठरलेला वाटाही त्याला मिळणार नाही. खेळाडूला बेसबॉलमध्ये खरं काही मोलाचं वाटत असेल तर ऑक्टोबर, म्हणजे बाद फेरीचा महिना. त्यावरच हात पडला.

हंगामातल्या अचानक लघवी चाचण्या १,४०० वरून ३,२०० वर गेल्या. सराव शिबिरातल्या १,२०० सक्तीच्या रक्तचाचण्यांखेरीज वर्षभरात ४०० अचानक रक्तनमुने घ्यायचं ठरलं. आणि ती महाग कार्बनची चाचणी: प्रत्येक खेळाडूच्या किमान एका नमुन्यावर ती होणार. आता गुणोत्तर ४:१ च्या आत ठेवणाऱ्यालाही, म्हणजे रात्री अगदी थोडं मलम लावून सकाळपर्यंत ते उतरवणाऱ्यालाही धास्ती होती. बॉशच्या गिऱ्हाइकांची पद्धत हीच होती. २०१३ पासून प्रत्येक खेळाडूच्या टेस्टोस्टेरॉनची मूळ पातळी नोंदवायला सुरुवात झालीच होती, त्यामुळे फरक त्याच्या स्वतःच्याच जुन्या नमुन्यांशी ताडता येत होता. एकदा सापडलेल्याला उरलेल्या कारकिर्दीत दर वर्षी सहा जादा लघवी चाचण्या आणि तीन रक्तचाचण्या.

याच पॅकेजमध्ये दुसऱ्या बाजूला झुकणारी एक तरतूद आहे. झालेल्या सेवनात माझा मोठा दोष नव्हता, हे खेळाडूने ठोस पुराव्याने दाखवलं तर लवाद शिक्षा कमी करू शकतो. मात्र टेस्टोस्टेरॉन, एचजीएच, स्टॅनोझोलॉल, नँड्रोलोन, बोल्डेनोन यांना ही सवलत नाही. जोडीला क्लबांनी खेळाडूंना तपासून प्रमाणित केलेले पूरक आहार वर्षभर पुरवायचे. मुद्दाम घेणारा आणि भेसळीच्या डब्याने फसलेला यांना एकाच मापाने मोजायचं नाही, हे संघटनेने मिळवलं. नियम कडक होताना तो अधिक नेमकाही होऊ शकतो, याचा हा चांगला नमुना आहे.

आपल्याकडच्या क्रिकेटची आठवण इथे अपरिहार्य आहे. बीसीसीआयनेही वर्षानुवर्षं स्वतःचीच उत्तेजकविरोधी यंत्रणा चालवली. मुंबईच्या पृथ्वी शॉचा नमुना २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरमध्ये घेतला गेला, त्यात खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटालिन निघालं, आणि बंदी जाहीर झाली ३० जुलैला. आठ महिन्यांची ती बंदी १६ मार्चपासून मागे लावली. मधल्या काळात तो पोरगा आयपीएल खेळूनही झाला होता. द्रव्य किरकोळ, चूक अजाण वयातली, पण जो काळ तो मैदानावर होता तोच बंदीत धरला जावा, ही प्रक्रियेची ढिलाई होती. त्याच ऑगस्टमध्ये बीसीसीआय नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, कक्षेत आली. मेजर लीग बेसबॉल अजूनही वाडाच्या संहितेबाहेर आहे.

पुढचा हिशेब

न्यू यॉर्क मेट्सचा हेन्री मेहिया एप्रिल २०१५ मध्ये ८० सामने, जुलैमध्ये १६२ आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये आजीवन अशा तिन्ही पायऱ्या वर्षाच्या आत उतरला. या नियमाखाली आजीवन बंदी झालेला तो पहिला. (पुढे त्याला सशर्त परत घेतलं.) रॉबिन्सन कानो दुसऱ्यांदा सापडला तेव्हा २०२१ चा अख्खा हंगाम आणि सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर पगार गेला. हा आकडा नक्कीच झोंबतो. ऑगस्ट २०२२ मध्ये सान दिएगोचा फर्नांडो तातिस ज्युनियर क्लॉस्टेबॉल या स्टेरॉइडसाठी ८० सामने बाहेर गेला आणि त्याचा संघ त्याच्याशिवाय नॅशनल लीगच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला.

पण करार मात्र तसेच राहतात. तातिसचा १४ वर्षांचा ३४ कोटी डॉलरचा करार शाबूत आहे. ब्रॉनने एप्रिल २०११ मध्ये, म्हणजे नमुना देण्याच्या सहा महिने आधी, १० कोटी ५० लाख डॉलरची मुदतवाढ सही केली होती. तिला धक्का लागला नाही. २०११ चा पुरस्कारही त्याच्याकडेच आहे, आणि मतांत दुसरा आलेला डॉजर्सचा मॅट केम्प दुसराच राहिला. करार मोडायचा अधिकार मालकांना द्यावा, असं काही जण सुचवतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. नकोसा झालेला, वय झालेला, महाग खेळाडू कसा टाळायचा याच्या शोधात असलेल्या क्लबाच्या हातात एका चाचणीच्या निकालाने तसं शस्त्र द्यायचं म्हणजे चाचणीवरचा खेळाडूंचा विश्वासच संपवायचा. त्या विश्वासावरच २०१४ उभं राहिलं होतं. पुरस्काराचं मात्र वेगळं. तो परत घेतला पाहिजे.

सगळ्यात मोठी फट २ डिसेंबर २०२१ रोजी दिसली. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सामूहिक करार संपला, मालकांनी टाळेबंदी केली, आणि कराराबरोबर उत्तेजक चाचणीही थांबली. मार्च २०२२ मध्ये नवा करार होईपर्यंत, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ, मेजर लीगच्या खेळाडूंची एकही चाचणी झाली नाही. तेही ऐन हिवाळ्यात, जेव्हा खेळाडू घरी असतात, व्यायाम करतात आणि स्टेरॉइडचा खरा फायदा घेता येतो. ३,२०० चाचण्या, कार्बन, रक्त, मूळ पातळी, सगळं एका तारखेला बंद पडलं, कारण ते सगळं त्या करारावरच टांगलेलं होतं.

तेव्हा झालेला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. पगाराच्या मर्यादेवरून दोन्ही बाजू कितीही भांडोत, नव्या कागदात एक ओळ आधी लिहून घ्यावी: सामूहिक करार असो वा नसो, टाळेबंदी असो वा संप, चाचण्या चालू राहतील आणि त्यांचा खर्च दोघे मिळून उचलतील.